सात दगड आणि एक डुक्कर

पोलादाऐवजी दगड वापरायचा, एवढाच निर्णय मी घेतला होता. (आमच्या घरातले मोठे निर्णय माझी बायको नोहेआ घेते. माझ्याकडे असले किरकोळ येतात, आणि त्यांचंही मी काय करतो ते आता ऐका.)

मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार मी तीस वर्षं वाजवतोय. म्हणजे बाथरूमचं दार लावून. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादाची कांडी तारांवरून सरकवत न्यायची. बाहेरच्यांनी ऐकावं असं मला फार वाटायचं, पण नोहेआच्या माहेरची सगळी मंडळी जन्मजात वाजवणारी. त्यांच्यात जावयाचं काम खुर्च्या मांडणं. मोठा मेहुणा कामुएला तर प्रत्येक समारंभात माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवून म्हणायचा, "एबनर, तुझ्यासारख्या खुर्च्या अख्ख्या हिलो गावात कोणी मांडत नाही."

या खेपेला मात्र आमच्या नातीचा, लेइमोमीचा, पहिला वाढदिवस होता. दोनशे पाहुणे. नोहेआने भावाशी भांडून माझ्यासाठी तीन गाणी मिळवली. तीन! मी आनंदाने वेडा झालो आणि त्या वेडाच्या भरात चर्चमधल्या एका म्हाताऱ्याचं बोलणं मनावर घेतलं. तो म्हणाला, "पोलादाचा सूर टोचतो. दगडाचा सूर मऊ असतो."

झालं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून सुटलो तो थेट नदीवर.

दगड निवडणं हे बायको निवडण्याहून कठीण आहे. (बायकोने मला निवडलं होतं, त्यामुळे मला सवय नव्हती.) सहाही तारा झाकल्या जातील इतका लांब हवा, मुठीत बसेल इतका बारीक, कडा गोल आणि वजन भरपूर. मुख्य म्हणजे अंगावर एकही छिद्र नको. आमच्याकडचा लाव्हाचा छिद्राछिद्रांचा दगड तारेवर फिरवला की खरवडलेल्या नारळासारखा आवाज येतो. चार दिवसांत मी बादलीभर दगड घरी आणले, घासले, वाजवून पाहिले आणि शेवटी सात उरले. काळेभोर, घट्ट, गुळगुळीत. ते मी न्हाणीच्या टबात भिजत घातले.

"एबनर, टबात दगड का आहेत?" नोहेआ बाहेरून ओरडली.

"मुरतायत."

"दगड?"

"सूर सुधारतो म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"म्हणतात."

"उद्यापर्यंत ते टबातून निघाले नाहीत तर तू टबात झोपायचंस."

शुक्रवारी मी अंतिम निवड केली. पहिला आलेला दगड खिशात ठेवला. बाकीचे सहा टाकवेनात, कारण माझ्या निवडीवर माझा स्वतःचा विश्वास नाही. ते बादलीत घेऊन परसात गेलो. तिथे कामुएलाने इमूसाठी, म्हणजे डुक्कर भाजायच्या जमिनीतल्या भट्टीसाठी, खड्डा खणला होता आणि शेजारी त्याच्या दगडांचा ढीग होता. मी माझे सहा दगड ढिगाशेजारी नीट रचून ठेवले. दगडांशेजारी दगड. माझा नीटनेटकेपणा मला नेहमीच नडतो.

आता इमूचं सांगतो. खड्ड्यात लाकडं पेटवून वर दगड तापवायचे, लाल झाले की केळीची पानं, त्यावर डुक्कर, वर माती, आणि दुपारपर्यंत थांबायचं. पण त्यासाठी दगड छिद्राछिद्रांचाच लागतो. नदीतला घट्ट दगड आत पाणी धरून बसतो आणि तापला की फुटतो. म्हणजे गिटारीला जो उत्तम तोच इमूला घातक. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. मी फक्त त्या वेळी गिटारीच्या बाजूने विचार करत होतो.

शनिवारी, वाढदिवसाच्या सकाळी, मी खुर्च्या मांडून कॉफी घेत होतो. परसातून कामुएलाचा खूश आवाज आला. "नोहेआ, तुझा नवरा सुधारला गं! चक्क दगड आणून ठेवलेत! माझे थोडे कमीच पडत होते." त्याचा चष्मा घरी राहिला होता.

तीस वर्षांत त्याने माझं पहिल्यांदाच कौतुक केलं. मी कप खाली ठेवून ते मनात घोळवत बसलो. कोणते दगड, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला.

धडाम्!

खिडकीची काच गेली. दुसऱ्या धडाम्ला कामुएला पोटावर आडवा झालेला दिसला. तिसऱ्याला शेजारचे नाकासोने धावत आले आणि म्हणाले, "अरे वा, वाढदिवसाला फटाके? सांगायचं नाही का!" आणि नववर्षाची उरलेली माळ आणून त्यांनी आमच्या आनंदात भर घातली.

सगळं शांत झालं तेव्हा खड्ड्यात निखारे कमी आणि खडी जास्त होती. त्या खड्ड्यात डुक्कर घालणं शक्य नव्हतं. कामुएला गुडघ्यांवर बसला होता. "चाळीस वर्षं इमू लावतोय," तो म्हणाला, "कधी दगड फुटला नाही. म्हातारा झालो मी. भाचीच्या पोरीचा पहिला वाढदिवस, आणि मी..." त्याचे डोळे भरून आले.

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण तो रडणारा डोंगर मला बघवेना.

"कामुएला, ते दगड माझे होते. नदीवरचे."

"कशाला आणलेस?"

"वाजवायला."

त्याने खड्ड्याकडे पाहिलं. "वाजले," तो म्हणाला.

मग तो उठला आणि पुढची दहा मिनिटं जे बोलला त्यातलं छापण्याजोगं फक्त माझं नाव आहे. नोहेआ मध्ये पडली. "भांडण जेवणानंतर. आळीत ओव्हन किती आहेत?"

नऊ निघाले. डुकराचे नऊ भाग झाले आणि ते घरोघर पोचवायचं, उलटवायचं आणि वेळेवर परत आणायचं काम माझ्याकडे आलं. मी दिवसभर पळत होतो. नाकासोनेंनी आपल्या तंगडीला आलं आणि सोया सॉस चोळला. मेदेरोस बाईंनी लसूण आणि व्हिनेगर ओतलं. मी हात जोडून म्हटलं, "आंटी, नुसतं मीठ!" त्या म्हणाल्या, "माझ्या ओव्हनमध्ये मी सांगेन ते."

पाहुण्यांनी ताटं चाटूनपुसून साफ केली. एकेक जण कामुएलाला येऊन सांगत होता, असं डुक्कर जन्मात खाल्लं नाही. कामुएला नम्रपणे मान लववत होता. त्या भरात त्याचा राग निवळला आणि तो मला म्हणाला, "जा. तीन म्हणजे तीनच."

मी गिटार मांडीवर घेतली. खिशातून दगड काढला. पहिला सूर निघाला आणि मी सगळं विसरलो. म्हातारा खरं बोलला होता. सूर मऊ होता. मी डोळे मिटले. हळूहळू बोलणं थांबलं, मुलं थांबली, काटेचमचे थांबले. दोनशे माणसं माझ्यासाठी चिडीचूप! माझ्या गालावरून पाणी ओघळलं, खोटं कशाला सांगू.

गाणं संपवून मी डोळे उघडले. समोर मी सकाळी मांडलेल्या दोनशे खुर्च्या होत्या. रिकाम्या.

मंडळी आंब्याच्या झाडामागे, गाड्यांमागे आणि नाकासोनेंच्या कुंपणापलीकडे उभी होती. बायांनी पोरांचे कान झाकले होते.

"छान वाजवतोयस रे!" नोहेआ नातीला पोटाशी धरून ट्रकमागून ओरडली. "पण तो त्यातलाच ना?"

"हा फुटणार नाही!"

"घासून घासून तापतोय तो!" कुणीतरी म्हणालं.

कामुएला लांब बांबूच्या टोकाला टॉवेल बांधून पुढे सरकला. "हात पूस, एबनर. घाम आलाय तुला. ओला दगड आधी फुटतो."

मी हात पुसले आणि उरलेली दोन गाणी खुर्च्यांना ऐकवली. टाळ्या पडल्या, नाही असं नाही. कडकडाट झाला, शिट्ट्यासुद्धा. मी दगड खाली ठेवला तेव्हा.