अण्णांच्या डब्यातला हप्ता

सम्मेद चौगुलेने बँकेवर विश्वास ठेवला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. बँकेतल्या विजयसिंह साहेबांनी संगणकावर चार आकडे टाकले आणि सांगून टाकलं, "चौगुले, बासष्ट हजार पगारावर अडतीस लाख कर्ज बसतंय. हप्ता तेहतीस हजार. आरामात परवडतंय की!"

आपल्याला काय परवडतं हे दुसऱ्याने सांगावं, हे सम्मेदला पटेना. कळंब्याच्या बाजूला त्याने एक फ्लॅट हेरला होता. दोन गॅलऱ्या, आणि मुख्य म्हणजे आईला, सीताबाईंना, दार लावता येईल अशी स्वतःची खोली. भाड्याच्या घरात ती अठरा वर्षं बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोरच्या दिवाणावर झोपत होती. ते दार तिला मिळवून द्यायचंच, असं त्याने ठरवलं होतं. पण हप्ते थकले तर दारासकट घर जाणार, हेही त्याला दिसत होतं.

"आपण अण्णांच्या पद्धतीनं करू," त्याने बायकोला, अपूर्वाला, सांगितलं.

अण्णा म्हणजे त्याचे वडील, जिनपाल चौगुले. वारणानगरला साखर कारखान्यात होते. स्कूटर घ्यायची ठरली तेव्हा कर्ज काढण्याआधी सहा महिने त्यांनी हप्ता बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. सहा महिने निभलं तरच कर्ज काढायचं! शेवटच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून त्यांनी नोटा मोजल्या, तर एक रुपया कमी नाही. पुढच्या आठवड्यात छोटा सम्मेद नव्या स्कूटरवर पुढे उभा होता. अण्णांची हनुवटी त्याच्या टाळूवर टेकलेली, आणि सगळ्या कॉलनीत मळीचा आंबूस-गोड वास. तो वास आला की त्याला अजूनही अण्णांची फार आठवण येते. एवढा चोख माणूस पुन्हा होणे नाही, असं तो ऑफिसात चहाच्या वेळी सांगतो. (ऐकणारे हल्ली चहा लवकर संपवतात.)

तर तोच डबा माळ्यावरून खाली आला. बँक मॅनेजर आई. तीन महिने, दर एक तारखेला तेहतीस हजार.

पहिल्या महिन्यात एकोणीस तारखेपर्यंत सगळं झकास चाललं. मग मोटरसायकलचा टायर फुटला.

"आई, डब्यातलं दोन हजार दे की."

"ते माझं न्हाईत, बँकेचं हाईत. खऱ्या बँकेकडं असं मागायला गेला असतास व्हय रं?"

मॅनेजरबाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्यावर सम्मेदने डबा उघडून दोन हजार काढले. (स्वतःचाच पगार, तेव्हा ही चोरी नव्हे, असं त्याने स्वतःला तीनदा समजावलं.) दुसऱ्या महिन्यात विम्याच्या हप्त्याला चार हजार गेले. तिसऱ्या महिन्यात गडहिंग्लजच्या आत्याच्या नातीचं लग्न निघालं आणि येण्याजाण्यात, आहेरात सहा हजार उडाले.

तीन महिने संपले. सूर्यास्ताआधी जेवणं झाली आणि सीताबाईंनी डबा मांडीवर घेतला. सत्त्याऐंशी हजार निघणार, हे सम्मेदला पाठ होतं. त्याने चेहऱ्यावर आश्चर्य तयार ठेवलं.

"नव्व्याण्णव हजार. बरोब्बर."

तयार ठेवलेलं आश्चर्य खरंच लागलं. त्याने नोटा स्वतः तीनदा मोजल्या.

"अहो, जमलं की!" अपूर्वा म्हणाली. "उद्याच टोकन देऊन टाकू."

गप्प बसावं, असं सम्मेदला क्षणभर वाटलं. पण आई दिवाणाकडे बघत होती. नव्या खोलीत तो कुठे ठेवायचा, हे मनातल्या मनात ठरवत असणार. त्याला राहवेना.

"आई, न्हाय जमलेलं. ह्यातनं मी बारा हजार काढलेत."

"ठावं हाय मला."

"मग पुरं भरलं कसं?"

"माझ्या पेन्शनीतनं मी घातलं. तुझा बा बी काढायचा की. चहाला, शिणिमाला. मी शिवणाच्या पैशातनं भरून ठेवायचो. मोजताना कसला खूश झालता गडी!"

सम्मेदला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

"अण्णांना कधी सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर स्कूटर घेतली असती व्हय त्यांनी?"

अपूर्वाने कागद-पेन्सिल घेतली. सत्त्याऐंशी भागिले तीन, महिना एकोणतीस हजार. म्हणजे तेहतीस लाखांच्या वर जायचं नाही. त्याच इमारतीत मागच्या बाजूला बिनगॅलरीचा फ्लॅट तेवढ्यात बसत होता.

"गॅलरी घिऊन काय करायचीय?" सीताबाई म्हणाल्या. "माझ्या खोलीला दार हाय न्हवं? झालं तर मग. हे सगळं टोकनला जाऊ दे. पण माझं बारा हजार?"

"देतो की, आई."

"हप्त्यानं दे. म्हैन्याला हजार."

अपूर्वाने एकोणतीस खोडून अठ्ठावीस केले आणि कर्ज आणखी एक लाखाने खाली आणलं. सीताबाईंनी रिकामा डबा पुढे सरकवला. पहिला हप्ता आजच हवा होता. सम्मेदने खिसे उलटे केले. चारशे निघाले.

उरलेले सहाशे त्याने आईकडूनच उसने घेतले.