बेलिफ आप्पांच्या हरकती

मोबाईलमध्ये कुठलंही ॲप टाकताना शेवटी एक बटण येतं, 'मी सहमत आहे'. त्या बटणाच्या वर पन्नासेक पानं अटी असतात आणि त्या कोणी वाचत नाही. ज्यांनी लिहिल्या त्यांनीही पुन्हा वाचल्या नसाव्यात. पण आमच्या वरवंडमध्ये एक गृहस्थ त्या पहिल्या ओळीपासून वाचतात, चष्मा पुसून पुसून वाचतात, आणि पूर्ण वाचून झाल्यावर सहमत होत नाहीत. ते म्हणजे बेलिफ आप्पा.

माझं हायवेच्या सर्व्हिस रोडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी मी सहा वर्षं सणसवाडीला एका कंपनीत लाईनवर होतो. तिथं मशीन बंद पडलं की मशीनवर ओरडायचे. इथं फोन बंद पडला की माझ्यावर ओरडतात, एवढाच फरक. आप्पा कधी ओरडत नाहीत. ते रोज सकाळी साडेदहाला येतात, काउंटरच्या अलीकडच्या स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "संतोष, माझी एक हरकत हाय."

आप्पा दौंडच्या कोर्टात बेलिफ होते. कोर्टाचं समन्स आणि नोटिसा घरोघर नेऊन बजावायच्या, हे त्यांचं काम. सायकलवर, नंतर लुनावर, त्यांनी अर्धा तालुका पालथा घातला. रिटायर होऊन आठ-नऊ वर्षं झाली, पण कोर्ट त्यांच्या डोक्यातून उठलेलं नाही. फोनवर नोटिफिकेशन आलं की ते म्हणतात, समन्स आलं. फोन आपोआप अपडेट झाला की तो 'एकतर्फी हुकूम'. आणि अपडेट करू का, असं फोननं विचारलं की आप्पा 'नंतर आठवण करा' दाबतात आणि समाधानानं सांगतात, "तारीख घेतली." एका अपडेटवर त्यांनी चौदा महिने तारखा घेतल्या होत्या. शेवटी फोनच थकला.

तंत्रज्ञानाच्या बातम्या ते पेपरातून वाचतात आणि निकाल माझ्या दुकानात देतात. कुठल्या तरी कंपनीतून लोकांचे पासवर्ड चोरीला गेले, अशी बातमी आली तेव्हा सगळं गाव घाबरलं होतं. आप्पा शांत. "माझा पासवर्ड मलाच घावंना झालाय," म्हणाले. "चोराला घावला तर त्यानं मला बी कळवावं."

वेबसाईट उघडली की 'कुकीज स्वीकारा' येतं, त्यावर त्यांचं म्हणणं असं : "कुकी म्हंजी बिस्कीट. आता कुणाच्या घरी गेलो तर बिस्कीट म्होरं ठेवत्यात, खावा म्हणत्यात. लेखी परवानगी घेऊन बिस्कीट कोण देतंय? म्हंजी बिस्किटात काहीतरी हाय."

एआय ठामपणे खोटं सांगतं, पुरावे म्हणून नसलेली पुस्तकं दाखवतं, हे वाचून तर त्यांना जुना मित्र भेटल्यासारखं झालं. "साक्षीदार असाच असतोय. खरा असंल तर अडखळतो, डोकं खाजवतो, नीट आठवत न्हाई म्हणतो. खोटा असंल तर तारीख, वार, वेळ, शर्टाचा रंग, समदं सांगतो." आणि वर, "ह्याला उलटतपासणी कोण घेतंय पण?"

मध्यंतरी त्यांनी नवी कवळी बसवली आणि फोन त्यांचा चेहरा ओळखेना. मी म्हटलं, चेहरा पुन्हा नोंदवू. आप्पांची त्याला हरकत. "तीस वर्सं मी लोकांची ओळख पटवून नोटीस दिली. शेजाऱ्याला इचारायचो, हाच का तो. आता माझ्याच फोनच्या दारात मला उभं केलंय. तुम्ही शेजारी म्हणून सांगा की त्याला." मी खरोखर फोनकडं बघून सांगितलं की हेच आप्पा. फोन उघडला नाही. तेव्हा आप्पांनी कवळी काढून खिशात ठेवली, आणि तो उघडला.

नकाशाचं तर विचारूच नका. एकदा मी, आप्पा आणि माझा मेहुणा वडगाव रासाईला लग्नाला निघालो. मेहुण्यानं फोनवर नकाशा लावला. आप्पा मागं बसून त्या नकाशातल्या बाईला उत्तरं देत होते. "डावीकडं वळा," ती म्हणाली. "कशापायी?" आप्पा म्हणाले. शेवटी तिनं आम्हाला उसाच्या फडात नेलं आणि तुम्ही पोहोचला आहात, असं जाहीर केलं. समोर ऊस, दोन्ही बाजूंना ऊस, आणि लांबून बँड ऐकू येतोय. आप्पा खाली उतरले, बांधावर एक म्हातारे बसले होते त्यांच्यापाशी गेले, बिडी-काडीची चौकशी केली, त्यांच्या नातवाची शाळा विचारली, आणि पाच मिनिटांत रस्ता घेऊन आले. "पत्ता माणसापाशी असतोय," गाडीत बसता बसता म्हणाले. "आन् माणूस आधी सवताचं सांगतो, मग पत्ता देतो. ह्या बाईला तेवढा दम न्हाई."

हे सगळं ऐकायला मजा येते, पण रोज साडेदहाला, गिऱ्हाईक उभं असताना, कलम-उपकलमासकट ऐकायचं म्हणजे अवघड. सणसवाडीला कामाला असलेला एक बिहारी मुकादम सुट्टीला इकडं यायचा. तो एकदा काच बदलायला आला आणि अर्धा तास ताटकळला. शेवटी हात जोडून म्हणाला, "चाचा, ओके दबा दो ना." आप्पांनी त्याच्याकडं वळून सावकाश सांगितलं, "भाऊ, मैंने तीस साल लोगों को देखा हाय. बिना पढे सही करते, और बाद में मेरे नाम से रोते. ओके दाबायला एक सेकंद लागतंय, उठवायला जिंदगी जाती."  मुकादमानं माझ्याकडं जे पाहिलं त्यावरून मी ठरवलं की आप्पांचा फोन एकदा कायमचा नीट करून टाकायचा.

त्या सोमवारी मी त्यांना म्हटलं, "आप्पा, दुपारपर्यंत फोन ठेवून जा."

मी जीव लावून काम केलं. थकलेली सगळी अपडेट उरकली. नको ती ॲप काढली, नोटिफिकेशन बंद केली, कीबोर्ड बदलला, चेहरा कवळीसकट आणि कवळीशिवाय असा दोनदा नोंदवायचा म्हणून आप्पांना बोलावून घेतलं. फोन असा झाला की नव्यासारखा. आप्पांनी तो हातात घेतला, वर-खाली केला, इथं-तिथं दाबलं. काही अडेना. "बरं केलं," एवढंच म्हणाले.

पुढच्या दिवशी साडेदहाला ते आले, स्टुलावर बसले, पेपर वाचला. हरकत नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी खूश होतो. गिऱ्हाईकं भराभर निघत होती. दुसऱ्या आठवड्यात मला जरा चुकल्यासारखं व्हायला लागलं. फोनच्या घडी घालायच्या स्क्रीनची बातमी मी मुद्दाम वाचून दाखवली, तर आप्पा म्हणाले, "घालू द्या घडी." नंतर ते लवकर उठून जायला लागले.

तिसऱ्या शनिवारी ते आले तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला.

"संतोष, ह्यो होता तसा करता येईल का?"

"का? काय बिघडलं?"

"कायबी बिघडत न्हाई."

"मग?"

त्यांनी फोन माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "उद्या रविवार हाय."

आप्पांची मुलगी प्रज्ञा बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, हे मला माहीत होतं. विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. काकू गेल्यापासून आप्पा तिथं एकटेच असतात, हेही माहीत होतं. बाकीचं आप्पांनी त्या दिवशी सांगितलं. प्रज्ञा दर रविवारी अकराला फोन करते. जेवला का, गोळ्या घेतल्या का, तिकडं ऊन कसंय, झालं. चार मिनिटांत बोलण्यासारखं संपायचं. दोघंही मुळात कमी बोलणारी. मधली बोलणारी होती ती गेली.

"एकदा काय झालं," आप्पा म्हणाले, "मी कोर्टातल्या एका जुन्या दोस्ताला मेसेज केला, उद्या दौंडला येतो. फोननं परस्पर 'उद्या दंडाला येतो' करून धाडलं. दोस्त घाबरला, म्हणाला कसला दंड झाला आप्पा तुम्हाला. हे मी पोरीला सहज सांगितलं. तर पोरगी हसली. लई दिवसांनी हसली. म्हणली आप्पा, फोटो काढून पाठवा, नेमकं काय टाईप केलं ते सांगा, मला बघू द्या. चाळीस मिनिटं बोलत हुती."

प्रज्ञाचं काम टेस्टिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. तेव्हापासून आप्पा आठवडाभर चुका गोळा करत होते. अटी वाचत होते, बातम्या वाचत होते, आणि माझ्या दुकानात हरकती आधी बोलून बघत होते. जिला मी हसलो ती रविवारसाठी ठेवायची.

"तिला चुका शोधायचा पगार मिळतोय," ते म्हणाले. "मी सवताच्या खुशीनं शोधतो. मागचं दोन रविवार शिलकीतल्या हरकतींवर निभावलं. आता शिल्लक बी संपली, आन् तुम्ही काय ठिवलंच न्हाई."

 जुनं परत आणता येत नाही, एवढं खरं ते मी सांगितलं. आप्पांनी मान डोलावली, फोन खिशात घातला. "चालायचंच," म्हणाले.

रविवारी साडेदहाला मीच त्यांच्या घरी गेलो. आम्ही दोन घोड्याएवढी माणसं पलंगावर बसून एक चांगला फोन बिघडवायचा प्रयत्न करत होतो. भराभर ॲप उघडून पाहिली, एकाच वेळी तीन बटणं दाबली, कीबोर्डवर दौंड लिहिलं. दौंडच उमटलं. वरवंड लिहिलं, तेही बरोबर. आप्पा कवळी काढून चेहरा दाखवत होते, फोन हसत हसत उघडत होता. मी आयुष्यात इतकं चांगलं काम पुन्हा करणार नाही.

"आप्पा, काहीतरी रचून सांगा," मी म्हटलं. "चार्जिंग थांबतं म्हणा."

"मी खोटा रिपोर्ट कधी दिला न्हाई," आप्पा म्हणाले.

बरोबर अकराला फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"आप्पा, जेवलात?"

"अजून न्हाई. हुईल आता."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"फोन कसा चाललाय?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी चार्जरकडं बोट दाखवलं. आप्पांनी मान हलवली. "झकास चाललाय. संतोषनं समदा नीट करून दिला. कशातच चूक न्हाई आता."

 मला वाटलं लाईन गेली.

"मग आता आपण काय बोलायचं, आप्पा?" प्रज्ञा म्हणाली.

"त्येच बघतोय मी बी," आप्पा म्हणाले.

 मग ती म्हणाली, "एक सांगू? तुम्ही सांगत होतात त्यातलं एकही ॲप आमचं नव्हतं. माझा त्या कशाशीच संबंध नाही."

"मग फोटो कशाला मागत हुतीस?"

"तुम्ही इतकं बारकाईनं सांगायचात. फोटो मागितला की तुम्ही अजून सांगायचात. आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हतात."

आप्पांनी चष्मा काढला आणि पलंगावर ठेवला. पुसला नाही, नुसता ठेवला. त्यांनी विचारलं, "मग तू नेमकं काय करतीस, पोरी?"

मी मोजायला नको, पण नोकरी लागून तिला सात वर्षं झाली होती. लोकांच्या घरी जाऊन नाव, गाव, बापाचं नाव, धंदा विचारणाऱ्या माणसानं हे घरात कधी विचारलं नव्हतं.

"खरंच सांगू? कंटाळवाणं आहे."

"सांग की. मला कुठं जायचंय."

ती सांगायला लागली. एका दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचं काम. पेशंट आला की त्याची चिठ्ठी योग्य डॉक्टरकडं जाते की नाही, हे ती दिवसभर तपासते. एकाच नावाचे दोन पेशंट आले तर काय होतं, यावर तिचे तीन महिने गेले होते.

"एकाच नावाची?" आप्पा पुढं सरकले. "आगं, मला एका गावात एकाच नावाची चौघं घावली हुती. बापाचं नाव बी तेच."

"मग तुम्ही काय केलंत?"

मी चपला हातात घेतल्या, आवाज न करता दार लोटलं आणि दुकानावर आलो.

दोनच्या सुमाराला जेवायला घरी जाताना त्यांच्या गल्लीतून गेलो. दार अर्धवट उघडं होतं. फोन चार्जिंगला लावलेला होता. वायर आखूड, म्हणून आप्पा सॉकेटखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, ताट तसंच झाकलेलं, आणि म्हणत होते, "हां. मग?"