समुद्रफुलाला हात लावू नये

एखादं घर किती सुसंस्कृत आहे, हे त्या घरातल्या सर्वांत नाजूक जिवाला कसं वागवलं जातं यावरून ठरतं. या कसोटीवर बिट्टीचं घर अख्ख्या इमारतीत पहिलं होतं. (दुसरं कुणी स्पर्धेत उतरलंच नव्हतं, पण त्याला बिट्टीच्या घरचे काय करणार?)

या घरातला सर्वांत नाजूक जीव म्हणजे समुद्रफूल. नावात फूल असलं तरी तो प्राणी आहे. त्याला तोंड आहे, एक पाय आहे आणि बाबांच्या मते स्वभावही आहे. डोळे, कान आणि मेंदू नाहीत, पण घरात मान मिळवायला या गोष्टी लागतात असं कुठे लिहून ठेवलंय? दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, प्रवाळांच्या शेजारी ते आपली मऊ बोटं हलवत बसतं आणि त्या बोटांवर सगळं कुटुंब नाचतं.

कुटुंबात माणसं चार. बाबा, आई, नववीतली बिट्टी आणि बाबांचे वडील, म्हणजे आबा. आबांनी उभा जन्म लोकांचे कपडे शिवले. दुकान बंद केल्यावर त्यांनी शिलाई मशीन घरी आणून खिडकीपाशी ठेवलं. त्यांची अट एकच होती : उजेड डावीकडून यायला हवा, नाहीतर सुईत दोरा जात नाही. टाकीच्या अटी एकेचाळीस होत्या. साहजिकच टाकीचं म्हणणं आधी ऐकून घेण्यात आलं.

टाकीची जागा सल्लागारांनी ठरवली. सल्लागार म्हणजे माशांच्या दुकानाचे मालक, पण त्यांना दुकानदार म्हटलेलं बाबांना खपत नसे. सल्लागारांनी चारी भिंती ठोकून पाहिल्या आणि टाकीचं वजन फक्त खिडकीकडची बाजू पेलेल असा निर्वाळा दिला. मात्र टाकीवर ऊन पडलं तर शेवाळ माजतं, सबब खिडकी कायमची झाकावी. मग काळा पडदा शिवायचा ठरला. शिवला कुणी? आबांनीच. दुहेरी कापडाचा, एक कवडसा आत येईल तर शपथ! पडदा पूर्ण झाला आणि त्याच संध्याकाळी मशीन तिथून हललं.

आबांची पहिली बदली पॅसेजमध्ये झाली. ती तात्पुरती होती. पॅसेजमध्ये पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं, तेव्हा दुसरी तात्पुरती बदली बिट्टीच्या खोलीत झाली. तिथे समुद्री मिठाच्या बादल्या आल्यावर तिसरी, गॅलरीत. गॅलरीत वारा छान येतो, असा ठराव घरात एकमताने मंजूर झाला. (मतदार तीन.)

आता नियमांकडे वळू. घरात सेंट, स्प्रे, डासांची वडी आणि मोठ्याने शिंकणं बंद झालं. आबांचा गुडघ्याला लावायचा बामही बंद झाला, कारण बामाचा हात पाण्यात गेला तर प्रवाळ आक्रसतात. आबांनी टाकीत कधी नखही बुडवलं नव्हतं, पण खबरदारी ती खबरदारी. गुडघेदुखी मात्र पूर्ववत चालू ठेवण्यात आली. तिच्याबद्दल सल्लागारांनी काही सांगितलं नव्हतं.

बिट्टीची नेमणूक पाणी-तपासणी अधिकारी म्हणून झाली. इवल्याशा बाटल्यांत थेंब मोजून टाकायचे, बाटली हलवायची, रंग बघायचा आणि खणखणीत आवाजात निकाल सांगायचा. काय रुबाब! शाळेत प्रयोगवहीत तिला कधी धड शेरा मिळाला नव्हता, पण इथे ती बोलली की बाबा टिपून घेत. एका पाहणीनुसार (पाहणी बिट्टीचीच) घरातल्या बोलण्यापैकी ब्याऐंशी टक्के पाण्याबद्दल होतं आणि उरलेलं अठरा टक्के ‘हळू बोल’ एवढंच होतं. आई तापाने फणफणली तेव्हा घरात थर्मामीटर सापडला नाही. टाकीत दोन होते, पण ते कामावर होते.

इतकी सिद्धता झाल्यावर समुद्रफुलाचं आगमन झालं. सल्लागारांनी पिशवी पाण्यात तरंगत ठेवली आणि गंभीर आवाजात शेवटची, एकेचाळिसावी अट सांगितली.

“याला हात लावायचा नाही. जागा पसंत पडली तर पाय रोवेल, नाहीतर चालायला लागेल. चालायला लागलं की समजायचं, आपलंच काहीतरी चुकलंय. ओढून परत आणायचं नाही. आपलं काय चुकलं ते शोधायचं.”

“ऐकलंस?” बाबा आईला म्हणाले. “मुका जीव, पण केवढा मानी!”

“मानी तर आहेच,” आई म्हणाली. “सोललेल्या कोळंबीशिवाय तोंड उघडत नाही.”

त्यानंतर बरेच दिवस समुद्रफूल एका दगडाच्या खोबणीत सुखाने नांदलं. मग एका शनिवारी दुपारी, कसलीही पूर्वसूचना न देता, त्याने पाय सोडला.

घरात हाहाकार उडाला. बाबा बॅटरी घेऊन जमिनीवर आडवे झाले. आईने चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरला आणि ‘घे रे बाळा’ सुरू केलं. बिट्टीच्या हातात तीन बाटल्या, तोंडात चौथीचं झाकण. समुद्रफूल काचेवर चढू लागलं. तेवढ्यात गॅलरीतून आबा आले, खांद्याला पिशवी, हातात त्यांची ती मोठी कात्री. “मी निघतो,” ते म्हणाले.

“हळू, आबा, टाकीला धक्का लागेल,” बाबा मान न वळवता म्हणाले. “बिट्टी, निकाल?”

“पीएच आठ पूर्णांक एक!”

“मग पाण्यात दोष नाही. खारटपणा बघ, खारटपणा!”

दार लागलं. त्या हादऱ्याने समुद्रफूल आणखी बोटभर सरकलं, त्यामुळे पुढे बराच वेळ कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही.

पुढचा आठवडा कुटुंबाच्या इतिहासात कसोटीचा म्हणून नोंदवला जाईल. समुद्रफूल रोज नव्या ठिकाणी. सोमवारी मागच्या काचेवर, मंगळवारी प्रवाळांच्या अंगावर (त्याच्या डंखाने तीन प्रवाळ भाजून पांढरे पडले, पण त्यांनी समजून घेतलं). बाबांनी ‘घरात गंभीर आजारपण’ असं कारण देऊन रजा काढली. कचेरीतून फोन आला, आता तब्येत कशी आहे? “अजून पाय ठरत नाही,” बाबा म्हणाले. पलीकडच्यांनी धीर दिला आणि पडू देऊ नका म्हणून बजावलं.

शुक्रवारी समुद्रफूल लाटा उठवणाऱ्या पंपाच्या दिशेने निघालं. पंपात ते ओढलं गेलं तर त्याच्या चिंधड्या होतात आणि त्या चिंधड्यांनी सगळी टाकी मरते. सल्लागारांनी फोनवरच उपाय सांगितला. बारीक जाळीची पिशवी शिवून पंपावर चढवा, आजच्या आज!

बाबांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा हसू उमटलं. “हात्तिच्या! शिवायचंच ना? घरात टेलर आहे की! बिट्टी, आबांना हाक मार.”

बिट्टी जाळीचं कापड घेऊन गॅलरीत धावली. तिथे अंथरूण गुंडाळून नीट बांधून ठेवलं होतं. शिलाई मशीनवर मिठाची बादली होती आणि बादलीखाली गंजाचं गोल वर्तुळ. कोपऱ्यातल्या फळीवरून चष्मा, कंगवा आणि चोरून ठेवलेली बामाची डबी, सगळं गेलं होतं.

“आबा?” बिट्टी म्हणाली. गॅलरीत खरोखरच छान वारा येत होता.

तातडीने चौकशी बसली. सकाळचा चहा आबांना आईने दिला असेल असं बाबांना वाटत होतं, बाबांनी दिला असेल असं आईला, आणि बिट्टीला चहाच आठवत नव्हता. आबांना शेवटचं कधी पाहिलं, याबाबत तिन्ही जबान्या जुळल्या नाहीत. समुद्रफूल मंगळवारी दुपारी नेमकं कुठे होतं, याबाबत मात्र तिघांचं तंतोतंत एकमत होतं.

बाबांनी आत्याला, म्हणजे आपल्या धाकट्या बहिणीला, फोन लावला. “अगं, आबा तिकडे...?”

“आहेत की. शनिवारपासून आहेत,” आत्या म्हणाली. “म्हटलं बघू तरी, कधी आठवण होते.”

“मग कळवायचं नाही का? इथे आमचा जीव...”

“कळवायचं काय, दादा? तुम्हा तिघांना तोंडावर सांगून निघालो म्हणतात.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने बिट्टीकडे पाहिलं. बिट्टीला पाहायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिने चपला घातल्या.

आत्याचं घर दोन स्टॉप पलीकडे. आबा खिडकीत बसले होते, आत्याच्या मशीनवर, उजेड डावीकडून. खोलीभर बामाचा वास. बिट्टी दारातच थबकली.

“आलात का, साहेब?” आबा म्हणाले. “काय म्हणतंय पाणी?”

“आबा, घरी चला ना.”

“ते हातात काय आहे?”

“जाळी. पंपाला पिशवी हवीय. नाहीतर ते मरेल.”

“माप आणलंस?”

बिट्टीने नकारार्थी मान हलवली.

“एवढी मापं घेता दिवसभर, आणि हेच नेमकं राहिलं?” आबा हसले. “दाखव हातानं.”

तिने हाताने दाखवलं. आबांनी कात्री चालवली, दोन बाजू शिवल्या, वर नाडी ओवली. मशीनचा आवाज घरभर घुमत होता आणि आत्या त्याहून मोठ्या आवाजात स्वयंपाकघरातून विचारत होती, “आबा, चहात आलं घालू का?”

“घाल की! तुला विचारावं का लागतं?” आबांनी तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं. मग बिट्टीकडे वळून म्हणाले, “काय गं, तुमचं ते फूल चालायला लागलं की काय करता तुम्ही?”

“ओढून आणत नाही,” बिट्टी पाठ केलेलं म्हणाली. “आपलं काय चुकलं ते शोधतो.”

“हं.” आबांनी दाताने दोरा तोडला आणि पिशवी तिच्या हातात ठेवली. “जा मग. शोधा.”

परतीच्या बसमध्ये बिट्टीच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याचा खारटपणा तिने मोजला नाही.

पिशवी पंपावर अशी बसली, जणू पंपाचं माप लहानपणापासून आबांकडेच होतं. समुद्रफूल तिच्यावर आपटलं, अपमानित झालं आणि मागे फिरलं. घरात मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबांनी पुन्हा सल्लागारांना फोन लावला आणि घसा खाकरून विचारलं, “एक जुना जीव जागा सोडून गेलाय. परत यायला काय करावं लागेल?”

“किती वर्षांचा?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“एवढे टिकत नाहीत सहसा,” सल्लागार आदराने म्हणाले. “पूर्वी जिथे खूश होता, तिथला उजेड परत द्या. आणि रोज समोर बसून बघत जा. घाई करू नका.”

बाबांनी काळा पडदा उतरवला. मशीन घासूनपुसून, तेल घालून, टाकीला खेटून खिडकीत आलं. आठवड्याभरात काचेवर हिरवं शेवाळ धरलं. बाबा रोज ते खरवडू लागले आणि प्रत्येक वेळी जरा कमी कुरकुरू लागले. समुद्रफुलाने त्याच उन्हाच्या तिरिपेत, कुणालाही न विचारता, पाय रोवला. सल्लागारांना हे पटलं नाही.

रविवारी आबा आले. पाहणीसाठी, असं त्यांनी दारातच स्पष्ट केलं. खुर्चीत बसून पाहिलं, उजेड कुठून येतो ते तपासलं, आलं घातलेला चहा घेतला. राहा असं कुणी म्हटलं नाही. सगळे नुसते समोर बसून बघत होते, श्वास रोखून. “असे काय बघता रे, मी काय टाकीत आहे?” असं म्हणून आबा उठले आणि गेले. ते गेल्यावर दिसलं, त्यांनी बरोबर आणलेली कात्री मशीनवरच राहिली होती. बिट्टीने हात पुढे केला.

“हात लावू नको तिला,” बाबा हळूच म्हणाले.

राहता राहिला जबाबदारीचा प्रश्न. आबा तिघांच्या देखत घर सोडून गेले आणि तिघांनाही कळलं नाही, असा या कुटुंबावर ठपका ठेवण्यात येतो. हा हिशेब चुकीचा आहे. ते चौघांच्या देखत गेले. पिशवी आणि कात्री घेऊन, ‘मी निघतो’ असं स्पष्ट सांगून ते दाराबाहेर पडले, तेव्हा तुम्हीही तिथेच उभे होतात. तुम्हाला वाटलं, फिरायला निघाले असतील. कात्री घेऊन? असो. तुमचंही लक्ष त्या वेळी काचेकडे होतं.