ह्यूस्टनची बंदूक आणि अबू हलीफाचा खजूर

मुलांना 'नाही' म्हणायचं नसतं. त्यांना प्रश्न विचारायचे असतात. नीट क्रमाने प्रश्न विचारत गेलं, की मूल आपल्या पायांनी चालत 'नाही'पर्यंत पोहोचतं, आणि वर हे आपल्यालाच सुचलं म्हणून खूश होतं. राजापूरच्या शाळेत मी उभी हयात विज्ञान शिकवलं ते याच पद्धतीने. त्यामुळे प्रियांकाचा फोन आला तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही.

प्रियांका म्हणजे माझ्या पुतण्याची, धैर्यशीलची बायको. दोघं ह्यूस्टनला असतात. माझा भाऊ लवकर गेला, त्यामुळे धैर्यशील आमच्याच घरी वाढला. सायकलपासून लग्नापर्यंत सगळं तो मला विचारून करत आला.

"काका, धैर्यशील बंदूक घेतोय," ती म्हणाली.

"कसली?"

"कार्बाइन. गोळी पिस्तुलाचीच, पण बंदूक लांब, खांद्याला लावायची. मागच्या गल्लीत चोरी झाली ना, तेव्हापासून दिवसरात्र त्याचेच व्हिडिओ बघतो. शनिवारी दुकानात जाऊन कुठली घ्यायची ते ठरवणार." तिचा आवाज खाली गेला. "काका, मुक्ता चार वर्षांची आहे. मी लपवलेली बिस्किटं ती शोधून काढते. बंदूक सापडणार नाही तिला? तुम्ही त्याला नको म्हणून सांगा. तो तुमचंच ऐकतो."

"मी नको म्हणून सांगणार नाही," मी म्हणालो. "मी त्याला शिकवीन."

ती म्हणाली, "काका, सांगितलंत तर लवकर होईल."

तरुण पिढीला पद्धतीची किंमत नसते, असं म्हणून मी तयारीला लागलो.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि सुनंदा, सध्या मुलाकडे, रविकांतकडे, कुवैतमधल्या अबू हलीफाला आहोत. त्याच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी मी इमारतीतल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी मुलं भारतात जातात. त्या शुक्रवारी दोनच उरली होती. एक माझी नात आर्या, आणि दुसरा वरच्या मजल्यावरचा तल्हा. तल्हाच्या घरी उर्दू. तो मराठीसाठी नव्हे, सुनंदाच्या नारळाच्या वड्यांसाठी यायचा. इतक्या महिन्यांत त्याने मराठीचा एक शब्द उच्चारला नव्हता. मी त्याला कधी रागावलो नाही. बी पेरल्यावर रोज माती उकरून बघायची नसते.

धैर्यशीलला मी व्हिडिओवर वर्गात बसवायचं ठरवलं. इथे संध्याकाळ, तिथे सकाळ. तो तर आनंदलाच. "काका, कुठली कार्बाइन घ्यावी हे खरं तर तुम्हालाच विचारणार होतो. शाळेत एनसीसी तुम्हीच बघायचात."

रविकांत मात्र हे ऐकून पांढरा पडला. "बाबा, हे कुवैत आहे. इथे परक्या माणसाने बंदुकीचा विचारसुद्धा मोठ्याने करायचा नसतो. उद्या आर्या लिफ्टमध्ये 'कार्बाइन' म्हणाली तर मला इकामा, इथला राहायचा परवाना, परत करून राजापूरला यावं लागेल."

"ये की," सुनंदा आतून म्हणाली. "नारळ काढायला माणूस मिळत नाही."

मी त्याला समजावलं, की वर्गात बंदूक येणारच नाही. येईल फक्त खजूर.

कोकणात लहानपणी आम्ही बांबूच्या नळीत हिरवी फळं ठासून उडवायचो. एक फळ पुढच्या तोंडाशी अडकवायचं, दुसरं मागून काठीने ढकलायचं. मधली हवा दाबली जाते आणि पुढचं फळ फट्‌कन सुटतं. इथे बांबू कुठला? पण वायरी घालायचा पांढरा प्लॅस्टिकचा पाइप इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. आणि जूनमध्ये रस्त्याकडेच्या खजुरांखाली कच्च्या हिरव्या फळांचा सडा असतो. मी दोन नळ्या कापल्या, एक वीतभर आणि एक हातभर. वीतभर म्हणजे पिस्तूल, हातभर म्हणजे कार्बाइन. गोळी दोघींना तीच.

वर्ग सुरू झाला. टॅबलेट आर्याच्या हातात. पडद्यावर धैर्यशील वही घेऊन बसलेला, मागे प्रियांका, तिच्या कडेवर मुक्ता. प्रियांकाने मला डोळ्यांनीच नमस्कार केला. काळजी करू नकोस, असं मी डोळ्यांनीच कळवलं.

मी दोन्ही नळ्या उडवून दाखवल्या. छोटीतला खजूर सोफ्यापर्यंत गेला. लांब नळीतला पार खिडकीच्या पडद्यावर जाऊन आपटला. तल्हाने टाळ्या वाजवल्या.

"आता सांग धैर्यशील, फळ तेच, मग दुसरं जोरात का गेलं?"

"मागून रेटणारी हवा जास्त वेळ मागे लागली म्हणून."

"शाबास."

"म्हणजे त्याच गोळीला लांब नळीतून जास्त जोर." त्याने वहीत लिहून घेतलं. "मग लांबच घ्यायची. थँक्यू काका, एक शंका गेली."

हे उत्तर बरोबर होतं, पण मला हवं होतं त्या दिशेचं नव्हतं. हरकत नाही. एका प्रश्नात कुठलंच मूल पोहोचत नाही.

"बरं. आता विचार कर. घरात तुझ्याशिवाय आणखी कोण असतं?" मुक्ताकडे स्पष्ट बघत मी विचारलं.

"प्रियांका," तो म्हणाला. "तेही आलं लक्षात. पिस्तूल तिच्या हातात थरथरेल. ही खांद्याला टेकते, धक्का कमी बसतो, तिलाही जमेल."

"खरंच?" मागून प्रियांका पुढे वाकली. "म्हणजे किती कमी?"

मी घाईने तिसरा प्रश्न काढला. "तिकडे घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या. चोराला लागली नाही, तर गोळी कुठे जाईल?"

धैर्यशील विचारात पडला. आता पोहोचला, मला वाटलं. तो उठला आणि म्हणाला, "थांबा काका, भिंतीची जाडी मोजून येतो. त्याप्रमाणे गोळी निवडता येते." आणि टेप घेऊन तो निघून गेला.

इतका मन लावून शिकणारा विद्यार्थी मला आयुष्यात मिळाला नव्हता. रविकांतसुद्धा खुर्ची ओढून जवळ आला होता. हलक्या आवाजात मला म्हणाला, "बाबा, तिकडे ती साधारण कितीला पडते?"

प्रियांका पडद्यावर एकटी उरली. "काका," ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणणार होतात ना?"

"प्रात्यक्षिक राहिलंय," मी गंभीरपणे म्हणालो.

प्रात्यक्षिक मनात तयारच होतं. मुक्ताचा एक फोटो मी दाराजवळच्या भिंतीवर चिकटवला. रविकांतने चोर व्हायचं. तोंडाला काळा रुमाल बांधून बाहेर जायचं, आणि मग हळूच दार उघडून आत यायचं. हॉलमध्ये अंधार. इथल्या उन्हामुळे पडदे इतके जाड, की ओढले की संध्याकाळी पाचला अमावास्या होते. मी कार्बाइन घेऊन सोफ्यामागे. चोर आला की मी उडवणार, मुद्दाम चुकवणार, आणि खजूर फोटोच्या आसपास लागणार. मग दिवा लावून एकच प्रश्न: 'धैर्यशील, तुझी गोळी कुठे गेली?' एवढ्यावर दगडसुद्धा 'नाही' म्हणाला असता.

धैर्यशील टेप घेऊन परत आला. रविकांत रुमाल बांधून बाहेर गेला. आर्याने दिवे घालवले. टॅबलेटच्या पडद्यावर ते तिघं श्वास रोखून बघत होते. बघत म्हणजे काय, अंधारच बघत होते.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. रविकांत दाराशी उभा असतानाच लिफ्ट येऊ लागली. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, पाण्याची तक्रार बघायला वर येत होता. आपण आपल्याच दाराशी तोंडाला काळा रुमाल बांधून उभे आहोत, हे रविकांतच्या लक्षात आलं आणि तो जिन्यात पळाला. त्याच वेळी त्याच जिन्याने सुनंदा खाली येत होती. ती तल्हाच्या आईकडे गेली होती. त्या माउलीने वर्गासाठी शेवयांची खीर दिली होती, काचेच्या मोठ्या भांड्यात. रुमालवाला मुलगा आईच्या बाजूने सुसाट वर गेला. "पोराला उन्ह लागलं वाटतं," एवढंच सुनंदाच्या मनात आलं.

आत मला फक्त कुलूप फिरल्याचा आवाज आला. दार उघडलं. बाहेरच्या उजेडात एक आकृती दिसली आणि दार मागे लोटलं गेलं. मी मुद्दाम उजवीकडे नेम धरला आणि काठी दाबली.

मला एनसीसीत नेमबाजीचं बक्षीस का मिळालं नव्हतं, ते त्या क्षणी आठवलं.

फट्. मग "अगं आई गं!" मग काच फुटल्याचा आवाज. मग काहीच नाही.

आवाज रविकांतचा नव्हता, हे मला कळलं होतं. टॅबलेटमधून प्रियांकाची हाक आली, "काकू?" आणि तिच्यामागून मुक्ताचा बारीक आवाज, "आजी पडली?" धैर्यशीलचा आवाज आला नाही.

मी धावलो. दोन पावलांत खीर लागली आणि मी सुनंदाच्या पायाशी जाऊन आडवा झालो.

आर्याने दिवा लावला. सुनंदा भिंतीला टेकून उभी होती. कपाळावर, कुंकवाच्या थोडं वर, लाल टेंगूळ उगवत होतं. मुक्ताचा फोटो जागच्या जागी हसत होता.

"लागलं का गं?" मी खालून विचारलं.

"लागलं," ती म्हणाली. "तुम्ही मारलंत?"

"मी चोराला मारत होतो."

"तुमच्या चोराकडे घराची किल्ली आहे?"

खीर हळूहळू बाहीत शिरत होती. तिने पदराने कपाळ दाबलं आणि म्हणाली, "उभा जन्म जगाला प्रश्न विचारलेत. जेवताना प्रश्न, झोपताना प्रश्न. एक प्रश्न विचारायचा होता हो, 'कोण आहे?' तेवढा नाही सुचला?"

पडद्यावर धैर्यशीलने वही मिटली होती. त्याने मुक्ताला प्रियांकाच्या कडेवरून घेतलं आणि नुसतं धरून ठेवलं. "ती रोज झोपेत उठून आमच्या खोलीत येते," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "अंधारातच येते."

मी एकही प्रश्न विचारला नाही.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. सगळे दचकलो. मी खिरीत, हातात हातभर नळी, आजूबाजूला काचा. उठायची कुणाची छाती होईना.

तल्हा उठला. काचा चुकवत दाराशी गेला, आणि स्वच्छ, खणखणीत मराठीत त्याने विचारलं, "कोण आहे?"

बाहेर हारिस होता. नळ बघायचा होता त्याला. त्याच्यामागे रुमाल खिशात कोंबत रविकांत उभा होता. आतला देखावा पाहून हारिस म्हणाला, "मी उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी धैर्यशील दुकानात गेला. त्याने दाराला भक्कम आडणा आणला, आणि मुक्ताच्या खोलीपासून आपल्या खोलीपर्यंत रात्रभर जळणारे छोटे दिवे. प्रियांकाचा फोन आला. "काका, तुम्ही मुद्दामच तसं केलंत ना? काय पद्धत आहे हो तुमची!"

"अनुभवातून शिकलेलं टिकतं," मी म्हणालो. शेजारी सुनंदा कपाळाला बर्फ लावत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फोन आवरता घेतला.

टेंगूळ आठवड्यात उतरलं. पण अजूनही मी पाणी प्यायला उठलो, की अंधारातून तिचा आवाज येतो, "कोण आहे?"

मी माझं पूर्ण नाव सांगतो.

मग ती दुसरा प्रश्न विचारते, "हातात काय आहे?"