खारी रेती आणि म्हात्रेबाई

म्हात्रेबाई कोणाकडे गेल्या की चहा घेण्याआधी विचारायच्या, "कोणाच्या नजरेला येणार नाही असा एखादा कोपरा आहे का हो?"

पहिल्यांदा ऐकणारा गडबडून त्यांना मोरी दाखवायचा. बाईंना हवी असायची भिंत. कपाटामागची, दारामागची, कुठलीही चालायची. अंबाड्यातला आकडा काढून त्या भिंत जराशी खरवडायच्या, पर्समधल्या बाटलीतून चुना ओळखणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवून बघत राहायच्या. थेंब गुलाबी झाले तर यजमानांना म्हणायच्या, "अभिनंदन." नाही झाले तर, "आतल्या सळ्या गंजायला मोकळ्या," एवढं सांगून चहाला हो म्हणायच्या.

आमच्या पनवेलच्या ज्युनिअर कॉलेजात त्या केमिस्ट्री शिकवायच्या, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर कायम काळे डाग असत. सिल्व्हर नायट्रेटचे. ते धुऊन जात नाहीत, कातडी बदलते तेव्हाच जातात. हळदीकुंकवाला बायका त्या बोटांकडे बघत, आणि बाई त्या बायकांच्या भिंतींकडे.

बाई मूळच्या जासईकडच्या. घर मिठागरावर राबणारं. घरातली पहिली शिकलेली मुलगी. लग्न केलं नाही. "वेळ नाही मिळाला," म्हणायच्या, जसं काही एखादं प्रॅक्टिकल राहून गेलं होतं.

वर्गात त्या पुस्तकातलं शिकवायच्या, पण शिरायच्या मात्र बांधकामात. चुनखडी भट्टीत भाजली की त्यातली हवा निघून जाते आणि चुना उरतो. भिंतीला लावला की तो वर्षानुवर्षं तीच हवा परत घेत पुन्हा दगड होतो. आपले जुने गवंडी त्यात गूळ घालायचे, बेलफळाचं पाणी घालायचे. मग तिकडे विलायतेत एका गवंड्यानं चुनखडी आणि माती एकत्र भाजून बघितली, आणि सिमेंट आलं. "आणि सिमेंट वाळत नाही!" हे वाक्य बाई फळ्यावर डस्टर आपटून म्हणायच्या. "ते पाणी पितं आणि घट्ट होतं. वाळतात ते कपडे!"

एका वास्तुशांतीला बाईंचे थेंब भिंतीवर लालगुलाबी उठले. घरच्या आजींनी हात जोडले आणि तिथे हळदकुंकू वाहिलं. बाईंनी आजींना अडवलं नाही. उलट शेजारी बसून समजावलं, "आजी, हळदीत चुना कालवला की लाल होतं ना? तेच हे. तुमच्या देव्हाऱ्यातली केमिस्ट्री." आजी म्हणाल्या, "म्हणजे देवच की." बाई म्हणाल्या, "असेल. पण देवाला वशिला चालतो म्हणतात. केमिस्ट्रीला ओळखपाळख नसते."

हे वाक्य त्या कुठेही वापरत, आणि पाळतही. ते आम्हाला सगळ्यात महाग पडलं आमच्या सोसायटीच्या वेळी.

नव्वदीची सुरुवात होती. नवीन पनवेलमध्ये जिकडे बघावं तिकडे सळ्या उभ्या. म्हात्रेबाई धरून आम्ही काही शिक्षकांनी मिळून प्लॉट घेतला, कर्जं काढली, तीन मजल्यांची इमारत बांधायला काढली. सेक्रेटरी मी. ठेकेदार दशरथशेठ, इथलाच, गोड बोलणारा, गळ्यात जाड साखळी. पहिल्या मजल्याचा स्लॅब घालायचा दिवस ठरला. पाऊस तोंडावर आला होता, त्यामुळे सगळ्यांना घाई. सकाळी मिक्सर आला, मजूर आले, नारळ फुटला. आणि म्हात्रेबाई रेतीच्या ढिगावर छत्री उघडून बसल्या.

"ही खाडीची रेती आहे," त्या म्हणाल्या. "स्लॅब होणार नाही."

दशरथशेठ हसत पुढे आला. "बाय, तुमी आमचेच ना? मिठावर मोठी झालेली मान्सा आपून. आता मिठालाच नावं ठेवताव?"

"मीठ भाकरीत, दशरथशेठ. स्लॅबात नाही."

त्यांनी पर्समधून काचेचे दोन ग्लास काढले. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं होतं, ते दोन्हींत ओतलं. एका ग्लासात मूठभर रेती घालून ढवळली आणि ते पाणी रुमालातून गाळलं. मग दोन्ही ग्लासांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. नुसतं पाणी होतं तसंच राहिलं. रेतीचं पाणी दूध घातल्यासारखं पांढरं झालं. जमलेले मजूर वाकून बघू लागले.

"मीठ सळईला गंजवतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. जागा मिळाली नाही की काँक्रीट फोडतो. आज नाही, सात-आठ वर्षांनी. तेव्हा दशरथशेठ दुसरीकडे बांधत असतील."

आमचे सभासद वैतागले. गणिताचे शिंदे सर म्हणाले, "बाई, सगळं पनवेल याच रेतीत उभं राहतंय. आम्ही तेवढे शहाणे का?"

"तुम्ही तेवढे शिक्षक," बाई म्हणाल्या.

मी मधे पडलो. "बाई, दशरथशेठ धुऊन घेतील रेती. चालेल?"

"चालेल. माझ्यासमोर. गोड्या पाण्यानं. पांढरं होईनासं होईपर्यंत."

दशरथशेठनं टँकरचा हिशोब मनात केला असावा. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण आवाज चढला नाही. "भरा रं रेती परत," तो माणसांना म्हणाला, आणि मिक्सर रिकामा गेला. पंधरवड्यानं नदीची रेती आली, स्लॅब पावसात झाला. तो पंधरवडा स्टाफरूममध्ये बाईंशी कोणी धड बोललं नाही. त्या डबा उघडून एकट्या जेवायच्या आणि मला विचारायच्या, "वैद्य सर, लोणचं घेता?" मी घ्यायचो, पण इकडेतिकडे बघून.

पुढे काही वर्षांत शेजारच्या इमारतीच्या गॅलऱ्यांचे तुकडे पडू लागले. शिंदे सरांनी बाईंची माफी वगैरे मागितली नाही. मेहुण्याला कळंबोलीत फ्लॅट घ्यायचा होता, तेव्हा बाईंना रिक्षानं घेऊन गेले, एवढंच. मग ती प्रथाच पडली. मुलगी बघायला घरातलं वडीलधारं माणूस नेतात, तसं लोक फ्लॅट बघायला म्हात्रेबाईंना नेऊ लागले.

त्याच सुमारास जासईला एका विद्यार्थ्याचं लग्न होतं. बाई म्हणाल्या, "आलाच आहात तर आईला भेटून जा." त्या दर रविवारी गावी जात हे आम्हाला माहीत होतं. घर कोणी पाहिलं नव्हतं.

दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढे कौलारू पडवी. पडवीत खाटेवर आई बसल्या होत्या. डोळे जवळजवळ गेलेले. मी आत डोकावलो आणि दारातच थांबलो. छताचं काँक्रीट जागोजागी सुटलं होतं, सळ्या तांबड्या होऊन लोंबत होत्या, मधोमध बांबूचा टेकू होता.

आई मला सांगू लागल्या, "हिच्या बापानं बांदला. मिठागराचा काम आटपला का रोज खारीतशी रेती डोक्यावर आनाचा. पानी पन तितलाच, खारा. पोरीला कॉलेजचा अब्यास कराला आपली खोली पायजे, बोलाचा. गावान पयला स्लॅब आमचा." मग थांबून विचारलं, "सर, तुमी शिकलेलं. घर बरा हाय ना?"

मी बाईंकडे बघितलं.

"आये, सर बोलतान, असा घर पनवेलीन पन नाय," बाई म्हणाल्या.

आई समाधानानं मान हलवत राहिल्या.

परसात हात धुताना मी हळूच म्हणालो, "बाई, त्यांना पनवेलला का नाही नेत?"

"सांगितलं तर येईल की," त्या म्हणाल्या. "पण मग बाबांनी काय बांधलं होतं, तेही सांगावं लागेल. खाट पडवीत आणलीय. वारा चांगला येतो म्हटलं तिला. आत कोणी झोपत नाही."

आम्ही पडवीत परतलो तेवढ्यात आतल्या खोलीत धप्पकन आवाज झाला. आई दचकल्या.

"काय परला गो?"

"झावळी, आये. नारलाची," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या, आवाज न करता आत गेल्या आणि काँक्रीटचे तुकडे एकेक करून पदरात गोळा करू लागल्या.