मुलीचे फादर

"अप्पा, तिथे माझ्याबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही. आधी शपथ घ्या!"

अप्पांनी शपथ घेतली खरी, पण जिवावर आलं. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आत अडकलेल्या माणसाला मुलीचे मार्क ऐकवल्याशिवाय कधी दार उघडलं नाही. आता त्याच मुलीने खारं पाणी गोडं करणारं स्वस्त यंत्र काढलं होतं आणि तिचं कॅथलिक विद्यापीठ नामवंत माजी विद्यार्थिनी म्हणून तिचा सत्कार करणार होतं. एवढी गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे काय खायचं काम आहे? पण लेकीला शब्द दिला होता.

आई आधीच पालकांच्या रांगेत जाऊन बसली. अप्पा मागून आले, अंगात बंद गळ्याचा काळा कोट आणि त्यातून डोकावणारा मानेचा पांढरा पट्टा. ऐन वेळी मान धरली होती. स्वागताच्या बाई धावत आल्या.

"तुम्ही फादर ना?"

"हो, मीच फादर!" अप्पांची छाती फुगली.

"अहो, किती वाट बघायची! चला स्टेजवर."

बापाला स्टेजवर बसवतात! अप्पांना भरून आलं.

खरे फादर म्हणजे धर्मगुरू असलेले जुने कुलगुरू. ते बऱ्याच वर्षांनी परदेशातून येणार होते आणि नव्या कुलगुरूंनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. या नव्या कुलगुरूंनी अप्पांसमोर माइक सरकवला. "फादर आता आपल्या सहा नामवंतांची ओळख करून देतील."

अप्पांचं धाबं दणाणलं. हातात नावांचा कागद, समोर भरलेलं सभागृह आणि पहिल्या रांगेत डोळे विस्फारून बसलेली मुलगी. तिच्या शेजारच्या सत्कारमूर्ती न्यायाधीश बाई पलीकडच्या गायकाला म्हणाल्या, "फादर किती बदलले, नाही?"

"वय झालं हो."

अप्पांनी घसा खाकरला. "या न्यायाधीश. यांच्या आईवडिलांनी घरात एकही भांडण जिंकलं नसेल!" सभागृह हसलं. अप्पांना धीर आला. "हे गायक. यांच्या आवाजाला कंटाळून जे शेजारी घर सोडून गेले, तेच आज तिकीट काढून येतात. आणि हे प्राध्यापक. इथेच शिकले, इथेच शिकवतात. अरे, आता तरी बाहेर पड, असं आई रोज म्हणत असेल!" एकेकाला टाळ्या पडत गेल्या.

एवढ्यात साध्या स्वेटरमधले एक म्हातारे गृहस्थ येऊन आईशेजारच्या रिकाम्या खुर्चीत टेकले.

"तुमचं यातलं कोण?" आईने विचारलं.

"सहाही माझेच."

आईने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं.

सहावं नाव मुलीचं होतं. अप्पांनी ते वाचलं, शपथ आठवून कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "या सहाव्या." मग खाली बसले. सभागृहात कुजबुज सुरू झाली. फादरांचा हिच्यावर राग दिसतोय!

"फादर, यांच्याबद्दल दोन शब्द?" कुलगुरू म्हणाले. अप्पांना नकारार्थी मानही हलवता येईना. त्यांचे डोळे मात्र भरून आले.

मुलीला ते बघवेना. ती तडक स्टेजवर आली आणि तिने माइक ओढून घेतला. "हे तुमचे फादर नाहीत, हे माझे वडील आहेत. गप्प बसायची शपथ मीच घातली होती, कारण मला लाज वाटायची. खरं तर आज मला माझीच लाज वाटतेय. माझ्या यंत्राचा पहिला पंप यांनी लिफ्टच्या भंगारातून बनवला. पाणी खारटच निघालं, तर हे म्हणाले, थोडं कमी खारट आहे गं!"

कुलगुरूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. टाळ्या थांबेनात.

"अगं, पुरे!" अप्पा लाजून लाल झाले होते. पण ती आता त्यांच्या लहानपणापासून सुरुवात करत होती.

"वर्गात तर ही तोंडही उघडत नसे," स्वेटरवाले फादर कौतुकाने म्हणाले.

"बापावर गेलीय हो," आई अभिमानाने म्हणाली. "आरामात टेकून बसा. आता ही लवकर आटपायची नाही."