गिरणीच्या सुरातला वसंतदादा

वसंतदादा आपली गिटार पिठाच्या गिरणीच्या सुरात लावायचा. चिकलठाण्यात गिरणीच्या मागच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चालायची. दादा आधी भिंतीला कान लावणार, मग तारा पिळणार. गहू असले तर सूर चढा, बाजरी असली तर उतरता. "आज बाजरी हाय, सबुरीनं घ्या," असं तो इतकं गंभीरपणे सांगायचा की हसायची सोय नाय. तीन कीबोर्डवाले यापायी सोडून गेले, कारण गिरणीचा सूर त्यांच्या कुठल्याच पट्टीत बसंना. बँडचं नावही त्यानं 'दळण' ठेवलं.

दादा माझ्या नात्यातला नाय. गल्लीतला मोठा म्हणून दादा. कंपनीत फिटर, घरी एकटा. सुरुवातीला आम्ही सरळमार्गी होतो. तो गिटारवर, अन्वर बेसवर, मी ड्रमवर. लग्नात सिनेमाची गाणी वाजवायची, जेवायचं, घरी यायचं. मग एका गुरुवारी दादा खुलताबादला कव्वाली ऐकून आला आणि कामातून गेला. गाणं चार मिनिटांवरून अकरावर गेलं, अकरावरून चोवीसवर. गिटारीतून असले आवाज काढायला लागला की एकदा गिरणीवाल्या काकांनी मोटार जळाली समजून मेन स्विच पाडला. याला सायकेडेलिक रॉक म्हणतात, हे अन्वरनं मोबाईलवर शोधून सांगितलं. दादाला नावाशी देणंघेणं नव्हतं. "घाई कुणाला हाय?" एवढंच त्याचं म्हणणं.

घाई पाचोडच्या वऱ्हाडाला होती. वरात मांडवात पोचली, नवरदेव घोड्यावरून उतरला, अक्षता पडल्या, तरी आमचं गाणं चालीवर यायचंच होतं. शेवटी नवरीच्या मामानं वायर उपटली. "जमत आलं होतं रे," दादा मला टेम्पोत म्हणाला. त्यानंतर लग्नाच्या सुपाऱ्या बंद झाल्या. आम्ही आमचीच गाणी वाजवत बसलो, आणि ऐकायला कोण, तर पिठाचे डबे घेऊन थांबलेल्या बायका.

हे सगळं मी हसत सांगतोय खरा, पण पुढचं सांगताना मान वर होत नाय.

पुण्यात नव्या बँडचा एक कार्यक्रम होता. मी आमचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि बोलावणं आलं. अट एकच, सात मिनिटांच्या वर वाजवायचं नाय. सात मिनिटांत दादाची गिटारसुद्धा लावून होत नाय. त्याला विचारायला हवं होतं. कदाचित बरं म्हणाला असता. मी विचारलंच नाय. कार्यक्रम रद्द झाला म्हणून सांगितलं, अन्वरच्या हातापाया पडलो, पुण्यातलाच एक गिटारवाला घेतला आणि दादानं बांधलेलं गाणं दादाशिवाय वाजवून आलो. शरम याची वाटते की रद्दची बातमी ऐकून त्यानं माझीच समजूत काढली होती. वाईट वाटून घेऊ नको म्हणाला, कोपऱ्यावर नेऊन भजी खाऊ घातली. आणि मी खाल्ली.

पुण्यातल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ गावभर फिरला. आठ दिवस मी त्या खोलीकडं फिरकलो नाय. नवव्या दिवशी दादाच घरी आला. शिव्या देईल, निदान बोलणं तरी टाकील, असं वाटत होतं. दिल्या असत्या तर लई बरं झालं असतं. त्यानं चहा घेतला, मोबाईल काढला, व्हिडिओ लावला आणि पाचव्या मिनिटाला आणला. तिथं ड्रम थोडा वेळ गप्प आहे.

"ही जागा माझ्यासाठी सोडली तू," तो म्हणाला. "मी घरी रोज वाजवतो तिथं. बरोबर बसतं. मला वाटलं होतं, पोरं इसरली."

खरं सांगतो, तिथं माझ्या हातातली काठी निसटली होती. दुसरी उचलेपर्यंत हात रिकामा राहिला, बस्स. दादाची आठवण त्या सात मिनिटांत एकदाही आली नव्हती.

तो माझ्याकडं बघत होता.

"व्हय दादा," मी म्हणालो, "तुझ्यासाठीच सोडली."

त्यानं खूश होऊन तेवढा तुकडा परत लावला, मांडीवर बोटं चालवत. मी खाली बघून ऐकत राहिलो.